मागची बाजू

निवृत्त माणसाला घरात दोनच सल्ले मिळतात. सकाळी ‘जरा स्वस्थ बसा की एका जागी’ आणि दुपारी ‘नुसते बसून काय राहता!’ या दोन सल्ल्यांच्या कात्रीत सापडलेला मी एके दिवशी थेट मीनाकामाच्या वर्गात जाऊन पडलो. मीनाकाम म्हणजे धातूवर काचेचा रंग चढवण्याची कला. तीन महिने, आठवड्यातून दोन संध्याकाळी, आणि शेवटी विद्यार्थ्यांचं सामूहिक प्रदर्शन. जाहिरात हिनेच कापून ठेवली होती. ही शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा पास झालेली. माझी कला बँकेच्या व्हाउचरवर सही करण्यापुरती.

“मग तूच का जात नाहीस?” मी विचारलं.

“आणि संध्याकाळचा कुकर कोण लावणार?”

या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे मी गेलो.

वर्गात आम्ही बाराजण. त्यांतल्या अकराजणांच्या वयाची बेरीज माझ्यापेक्षा फार जास्त भरली नसती. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या धाकटीच्या वयाच्या. मी त्यांना ‘मॅडम’ म्हणायचो, त्या मला ‘काका’ म्हणायच्या, आणि काकांचं काम बिघडलं की वर्गात अशी शांतता पसरायची, जणू कुणाचं तरी वारलंय.

शेजारच्या नानांना मी काय शिकतोय ते सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ते तीन पितळी पातेली घेऊन दारात हजर. “कल्हई करून द्या हो, हल्ली कल्हईवाला मिळत नाही.” कल्हई कथलाची, मीना काचेचा, शिवाय जस्तामुळे पितळेवर तो धड बसत नाही, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. “म्हणजे अजून शिकला नाहीत,” असं म्हणून ते पातेली घेऊन गेले.

ही कला पाहायला सोपी आहे. तांब्याचा पत्रा घ्यायचा, घासूनपुसून इतका स्वच्छ करायचा, की त्यावर पाण्याचे थेंब न राहता पाणी सपाट पसरलं पाहिजे. बोटाचा साधा स्पर्शही चालत नाही. (आमच्याकडे पाहुणे येणार असले की बैठकीची खोली अशीच असते.) मग डिंकाचं पाणी फवारून त्यावर रंगीत काचेची पूड बारीक चाळणीतून भुरभुरवायची. तोंडाला फडकं बांधून, कारण काच पोटात गेलेली बरी नव्हे. मग सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दोन-तीन मिनिटं. पूड आधी साखरेसारखी दाणेदार दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत, आणि मग एकदम पाकासारखी लकाकते. तो क्षण गाठायचा. बाहेर काढलेला तुकडा निखाऱ्यासारखा लालभडक असतो. त्यात कुठला रंग निळा आणि कुठला पिवळा, काही म्हणता काही कळत नाही. गार होता होता एकेक रंग परत येतो. पहिल्यांदा माझा निळा परत आला तेव्हा मी त्या मुलींच्या देखत टाळ्या वाजवल्या.

आणि मग आवाज आला, टिक्. काचेची एक खपली उडून माझ्या चष्म्यावर बसली. टिक्, टिक्. पाच मिनिटांत निळं आभाळ टेबलावर, आणि हातात वाकडा झालेला पत्रा.

“काका, मागून रंग दिला नाहीत ना?” मॅडम म्हणाल्या.

नव्हता दिला. मागची बाजू भिंतीकडे असणार, ती बघणार कोण? सरकारी इमारतीलासुद्धा कुणी मागून रंग देत नाही. बँकेतली माझी सगळी हयात पुढची बाजू नीट ठेवण्यात गेली. तपासनीस यायचे ते काउंटरच्या पुढून, आणि मागे फायलींचे ढीग कापडाखाली निवांत झोपलेले असत. पण तांबं गार होताना काचेपेक्षा जास्त आकसतं. काच एकाच बाजूला असली तर पत्रा वाकतो आणि काच तडकते. दोन्हीकडे असली तर दोन्हीकडची ओढ सारखी होते. हे मॅडमनी मला चार वेळा सांगितलं. मी तीन तुकडे फुकट घालवून मगच ऐकलं.

वर त्यांनी जयपूरचं उदाहरण दिलं. राजा मानसिंगाने लाहोरहून कारागीर आणवले म्हणून सांगतात, तेव्हापासून तिथलं मीनाकाम नावाजलेलं. तिथे कुंदनच्या दागिन्याला पुढून खडे असतात आणि मीनाकाम मागून, म्हणजे अंगाला लागतं त्या बाजूला. पाहणाऱ्याला खडे दिसतात. पोपट, कमळं, वेली फक्त घालणारीला ठाऊक. “आणि त्यासाठी मजुरी कोण देतं?” मी विचारलं. मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

प्रदर्शनासाठी मी ‘घर’ हा विषय घेतला. वीतभर ताटली. कौलारू घर, पांढरी भिंत, पुढे तुळशीवृंदावन. मागच्या बाजूसाठी चांगला रंग वाया घालवायचा नाही, असाच रिवाज असतो. वर्गाच्या शेवटी टेबलावर उरलेली सगळ्यांची सांडलवंड एका डबीत झाडून ठेवतात, ती मिसळीची पूड मागे वापरायची. मी वापरली. चाळताना मी मॅचचा स्कोअर ऐकत होतो. पुढच्या बाजूसाठी मात्र सहा भाजण्या दिल्या, श्वास रोखून. त्यांतली शेवटची जरा जास्त झाली आणि पांढऱ्या भिंतीला कडेने हिरवट झाक आली. चार पावसाळे खाल्लेले सरकारी क्वार्टर्स असावेत तसं घर. मी चिठ्ठीवर ‘जुने घर’ असा बदल केला.

उद्घाटनाला ही आली. ठेवणीतली साडी नेसून. इतरांच्या मांडलेल्या वस्तूंपुढे ती दोन-दोन मिनिटं थांबत होती. मुलींना काहीबाही विचारत होती, तार कशी वाकवलीत, हा रंग पारदर्शक का, आधी कुठला भाजलात? मुली तिला मन लावून सांगत होत्या. माझ्या ताटलीपुढे आली, पाहिली, काही बोलली नाही. मग भरतकाम पारखताना बायका करतात तशी तिने ती उचलून सरळ उलटी केली.

मागे करडा, जांभळा, कुठे सोनेरी पिवळा, एकात एक विरघळलेला. पाऊस उघडल्यावर संध्याकाळी आभाळ असतं तसं काहीतरी. मी ते आजवर धड पाहिलंच नव्हतं.

“हे कुणी केलंय?” तिने विचारलं.

“झालंय,” मी म्हणालो.

मॅडम तोवर शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि माझं जुने घर भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. संध्याकाळपर्यंत त्या ताटलीचे चौघांनी फोटो काढले. चिठ्ठी बदलायची राहून गेली. एका गृहस्थांनी ‘जुने घर’ या नावातला गहन अर्थ मलाच समजावून सांगितला.

निघताना पाहतो तर ही मॅडमशी बोलत दाराशी उभी. “पुढची बॅच कधी? वेळ संध्याकाळचीच का?” मॅडमनी तारीख सांगितली. हिने पर्समधून पैसे काढले, माझ्याकडे न पाहता.

“किती शिट्ट्या?” मी विचारलं.

“तीन,” पाठमोरी फॉर्म भरता भरता ती म्हणाली. “आणि पाणी खालीही घाला, नुसतं भांड्यात नको.”