हातभर अंतरावरून

काचेच्या कपाटात चार वाइड ॲडॅप्टर, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे चढवून दृश्य रुंद करायच्या काचा, ओळीने मांडलेले होते. ०.७, ०.५, ०.४५ आणि टोकाला ०.३. आकडा जसजसा लहान, तसतशी पुढची काच फुगत गेलेली, ०.३ची तर कडीच्या पार बाहेर आलेली. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात, कॅमेऱ्याच्या दुकानांच्या दाटीत उभा होतो. दुकानदाराने मी काही विचारायच्या आत शेवटचे दोन उचलून काउंटरवर ठेवले. म्हणाला, "हे घ्या साहेब. यात जास्त येतं."

ते वाक्य मनातून जाईना. जास्त येतं हे खरंच. पण वाइड लेन्स घ्यायची ती जास्त यावं म्हणून का?

माझ्याकडे सोनीचा पीडी१७० कॅमकॉर्डर होता. २००३च्या सुमाराचा, एके काळी लग्नाच्या शूटिंगपासून बातम्यांपर्यंत सगळीकडे दिसणारा. त्याची लेन्स अंगालाच जडलेली, काढून दुसरी लावायची सोय नाही. ६ ते ७२ मिलिमीटर, बारापट झूम. फोटोवाल्यांच्या ३५ मिलिमीटरच्या हिशेबात हे होतं साधारण ४३ ते ५१८. म्हणजे मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाच्या कपाळावरचा घाम टिपता येतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी चार माणसं मावत नाहीत. त्या काळच्या बहुतेक कॅमकॉर्डरची हीच रड. सेन्सर नखाएवढा; त्यावर रुंद दृश्य पाडायचं तर लेन्सची फोकल लेंग्थ फार आखूड हवी, आणि ते काम अवघड. झूम वाढवणं त्या मानाने सोपं, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायलाही बरं.

ॲडॅप्टरची युक्ती मात्र जुनी आणि देखणी आहे. गॅलिलिओच्या धाटणीची दुर्बीण उलटी धरा, जग लांब जातं, लहान होतं आणि चौकटीत जास्त मावतं. पुढे अंतर्गोल भिंग, मागे बहिर्गोल. दूरच्या वस्तूचे समांतर किरण आत शिरतात आणि समांतरच बाहेर पडतात, त्यामुळे आपल्यापुढे कुणी येऊन बसलंय याची कॅमेऱ्याच्या लेन्सला खबरही लागत नाही. फोकस चालू राहतो, उजेड जवळजवळ तेवढाच मिळतो. ४३ला ०.७ने गुणा, ३० येतात. बस्स, एवढंच गणित. दोन भिंगांच्या जोरावर भिंत चार पावलं मागे सरकते, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

मला ॲडॅप्टर हवा होता दशावतारासाठी, कोकणातल्या त्या लोकनाट्यासाठी.

सिंधुदुर्गात दिवाळी सरली की जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्री देवळात दशावतार आलाच. नाटक सगळेच बघतात. माझा जीव अडकला होता रंगपटात. देवळाच्या पडवीचा एखादा कोपरा, आडोशाला ताडपत्री नाहीतर साडी, आणि आत दाटीवाटीने मांडलेल्या ट्रंका. ज्याची त्याची ट्रंक, झाकणाला टेकवलेला ज्याचा त्याचा आरसा. रंगवायला दुसरा कुणी नाही, आपला चेहरा आपणच रंगवायचा. पायांत पाय अडकतात. कुणी मुकुट बांधतोय, कुणी निऱ्या घालतोय, कुणी नुसताच डोळे मिटून पडलाय, कारण पहाटेपर्यंत उभं राहायचंय. अशा जागी कॅमेरा घेऊन आपण दाराशी उभे राहतो आणि झूम करतो. एक कान येतो, अर्धा मुकुट येतो, मध्येच कुणाची तरी पाठ येते.

राणीचं काम करणारे एक वयस्क नट होते. मला दाराशी घुटमळताना बघून म्हणाले, "लांबसून काय दिसतला तुका? हयसर ये, बस."

त्यांच्या शेजारी, ट्रंकेला गुडघा लावून बसलो. हातभर अंतर. त्यांनी काजळाची काडी उचलली, श्वास रोखला आणि भुवई ओढली. ओठ घट्ट मिटलेले, डावा हात ट्रंकेच्या कडेवर टेकलेला. आरशात राणी उमटत होती आणि आरशाबाहेर पिकल्या मिशा काढून टाकलेला एक शेतकरी बसला होता. माझ्या लेन्समध्ये एक तर आरसा मावायचा, नाहीतर माणूस. दोघं एका चौकटीत हवे होते. हातभर अंतर न सोडता हवे होते.

दुकानदाराला हे कसं सांगायचं? जास्त यावं एवढाच हेतू असता तर मी मागे सरकलो असतो. वाइड लेन्स हवी ती जवळ बसता यावं म्हणून. जवळ बसल्याचे फायदे मग आपोआप पदरात पडतात. हातातल्या कॅमेऱ्याचा कंप झूममध्ये भूकंपासारखा दिसतो, वाइडमध्ये तो विरून जातो. आणि सगळ्यात मोलाचा फायदा आवाजाचा. कॅमकॉर्डरचा माइक कॅमेऱ्यावरच असतो. चित्र झूमने जवळ ओढता येतं, आवाज येत नाही. तो जिथे आहे तिथेच राहतो. दशावतारात तर संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, सोंगं ठरतात, बोलायचं ते ऐनवेळी, रंगमंचावरच्या बाकड्यापुढे उभं राहून. आज राणी शंकराला काय सुनावणार, हे ती भुवई ओढता ओढता शेजारच्याशी पुटपुटत असते. ते पुटपुटणं हीच त्या रात्रीची एकमेव संहिता. ते टिपायला माइक हातभर अंतरावर हवा, आणि तेवढ्या अंतरावर माणूस मावायला लेन्स वाइड हवी. म्हणून मी या काचेला कानासाठीची काच मानतो.

मी ०.७ मागितला. ०.५मध्ये आरशाची कड धनुष्यागत वाकते, आणि जवळच्या माणसाचं नाक पुढे येतं. स्वतःचा चेहरा इतक्या निगुतीने घडवणाऱ्या माणसाचा चेहरा माझ्या काचेने बिघडवावा, हे मला पटत नाही. ०.३ची फिशआय मला आवडते ती स्केटबोर्डवाल्यांच्या हातात. सोनीचा व्हीएक्स१००० जमिनीलगत धरून ती पोरं पळत्या फळीच्या इतकी जवळ जातात की काच फुटेलसं वाटतं. तिथे फुगलेली जमीन शोभते.

काउंटरवरच तो कॅमेऱ्याला लावून मी समोरच्या दुकानाचं बंद शटर बघितलं. शटरच्या आडव्या पट्ट्या चौकटीच्या कडेला किती वाकतात, त्यावरून भिंगाची जात कळते. मग झूम शेवटपर्यंत नेला. स्वस्तातले ॲडॅप्टर तिथे धुरकट होतात, कडांना जांभळी रेघ सोडतात. आटे ५८ मिलिमीटरचे, थेट बसणारे हवेत. लहान आट्यांचा ॲडॅप्टर मधली कडी घालून बसवला की चौकटीचे कोपरे काळे पडतात. काच पुसायला मऊ सुती कापड लागतंच. रंगपटात पावडर उडते, ती पुढच्या काचेवर बसते, आणि समोरून ट्यूबलाइटचा उजेड आला की एकेक कण पांढरा ठिपका होऊन चित्रात उतरतो.

रंगमंचाच्या चित्रणाने मात्र अजून माझं मन भरलेलं नाही. एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन, तोच कैलास. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. दोन राजांचं युद्ध जुंपतं तेव्हा मृदंगवाला त्यांच्या पावलांवर नजर ठेवून वाजवतो, आणि राजे त्याच्या थापेवर गिरकी घेतात. कोण कुणाला चालवतंय, हे त्याचे हात आणि त्यांचे पाय एकदम दिसले तरच कळेल. पुढच्या जत्रेत मृदंगवाल्याच्या खांद्यामागे बसायची परवानगी मागणार आहे. तिथून राजांच्या पाठी दिसतील, आणि त्यांच्यापलीकडे मध्यरात्री जागा असलेला सगळा गाव.