टर्बो राहू द्या, आधी पत्रा बघा

टर्बो बसवायचा, एवढंच मनाशी धरून मी मामांची 1988 ची प्रीमियर 118 एनई अर्धापूरच्या गॅरेजात ओढून आणली. तिथं उस्ताद जे सांगतात त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. उरलेलं रात्री झोपू देत नाही.

दिसायला ही चार दारांची साधी गाडी. पण घराणं मोठं. सांगाडा फियाट 124 चा. इटलीत त्याच 124 पासून स्पायडर ही उघड्या टपाची स्पोर्ट्स कार निघाली आणि 1981-82 च्या सुमारास अमेरिकेत ती टर्बो बसवूनही विकली गेली. आपल्या 118 एनईच्या बोनेटखाली निस्सानचं 1171 सीसीचं ए-12 इंजिन आहे. हेच इंजिन जपानात डॅटसन सनीतून शर्यतींत धावलं. मग माझ्या गाडीनं का धावू नये?

अर्धापुरात टर्बो काही नवलाचा नाही. केळी भरून उत्तरेकडे निघणाऱ्या ट्रकांमुळे इथल्या मिस्त्रींचा हात त्यावर रोजच पडतो. उस्तादांना म्हटलं, तसाच एक छोटा टर्बो हिला लावू. ते हसले नाहीत. हात पुसत म्हणाले, "साहेब, डिझेल इंजिन नुसती हवा दाबतं. कितीबी हवा कोंबा, डिझेल आपल्या टायमालाच पडतं. तुमच्यात हवेसंगट पेट्रोलबी दाबलं जातं. ते ठिणगीच्या आधीच पेटलं, की पिस्टनला भोक."

म्हणजे आधी कॉम्प्रेशन कमी करायचं, त्यासाठी पिस्टन बदलायचे. टर्बोची हवा कार्बोरेटरमधून ढकलायची, तर पेट्रोलचा दाब त्या हवेपेक्षा जास्त हवा. जुना पंप तिथं पुरत नाही. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, म्हणून त्याला ऑइल नेणारी एक लाइन आणि परत आणणारी दुसरी. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर रेडिएटर टिकेल का, आणि वाढलेला वेग जुने ब्रेक आवरतील का? एक प्रश्न सुटला की त्याच्या पोटातून दोन निघत होते.

खरा धक्का डेंटरनं दिला. दाराखालची पुट्टी खरवडली, तर तिच्याखाली पत्राच नव्हता. गंजानं खाल्लेल्या जागी कुणीतरी पुट्टी थापून वर रंग मारला होता. पायाखालच्या फरशीचीही तीच गत. डेंटरनं बोटानं दाबलं आणि बोट आरपार गेलं. त्या सांगाड्यावर दुप्पट ताकदीचं इंजिन टाकणं म्हणजे पडक्या वाड्यावर माडी चढवणं. आता कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचं काम चाललंय. ते संथ आहे, पण बघत राहावंसं वाटतं. डेंटर पत्र्याला हातोडीनं बाक देतो, लावून बघतो, काढतो, पुन्हा ठोकतो. माप त्याच्या डोळ्यातच आहे.

कायद्याचं नंतर कळलं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. माझी गाडी 2038 मध्ये पन्नाशी गाठेल. टर्बो लावला तर ते दार तिला बंद.

म्हणून टर्बो नको, असं मी ठरवलंय. ए-12 चं बोअर करायचं, कार्बोरेटर मूळचाच ठेवायचा. सुटे भाग मिळणं हीच आता मोठी अडचण. नांदेड-लातूरकडं कुणाच्या गोठ्यात किंवा वाड्याच्या मागं 118 एनई उभी असेल, तर ती भंगारात घालू नका. तिचं एखादं दार, एखादी काच दुसरी गाडी उभी करू शकते.