आमच्या घरचे फिंच

झेब्रा फिंचची जोडी आमच्या औरंगाबादच्या घरात येऊन दोन वर्षे झाली. पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेला. लांबी जेमतेम चार इंच, वजन 12 ग्रॅमच्या आसपास. गाल नारिंगी तो नर. मादी साधी राखाडी. गातो फक्त नर, आणि ते गाणेही लहानपणी बापाकडून शिकतो. पोपटासारखा हातावर यावा ही अपेक्षा ठेवू नये. धरायला गेले की घाबरून जाळीवर आदळतो. मुलांना हे पटायला महिना लागला.

खाणे राळ्याचे, ज्याला दुकानदार कांगणी म्हणतात. जोडीला समुद्रफेस आणि रोज ताजे पाणी. दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतात. वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो, म्हणून रोज फुंकर मारून पाहावे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पिंजरा सावलीत हवा, कूलरच्या थेट झोतात नको. उष्मा वाढला की हे आईबाप अंड्यातल्या पिलांना वेगळीच हाक देतात, असे संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले. ती हाक ऐकलेली पिले उष्म्याला सोयीच्या लहान चणीची होतात. सुब्हानअल्लाह!

गेल्या शाबानमध्ये नानी म्हणाल्या, "बेटा, सोडून द्या या मुक्या जीवांना. सवाब मिळेल." त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो. अबू उमैर (रजि.) लहान असताना त्यांचा छोटा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) मायेने त्याची विचारपूस केली होती, हे नानींनीच आम्हाला सांगितलेले. आणि मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही त्यांचीच. पण या जोडीला दाणा शोधणे माहीत नाही. बाहेर शिकरा आहे, गल्लीतले बोके आहेत. सोडणे म्हणजे मारणेच.

लाल मुनियाचे तसे नाही. ती आपल्या गवताळ, पाणथळ रानातली. पूर्वी अहमदाबादेतून परदेशी जायची, त्या शहरावरूनच तिचे इंग्रजी नाव 'अवडवट' पडले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिला पकडणे, विकणे गुन्हा आहे. तरी एका विक्रेत्याने ती आम्हाला हळूच दाखवली, तीही सलीम अलींच्या नावाचे सरोवर असलेल्या या शहरात! आम्ही घेतली नाही. दया म्हणूनही विकत घेऊ नये, कारण एक घेतली की तो आणखी दहा धरून आणतो.

नानींनी सगळे ऐकून घेतले, पटले असे काही म्हणाल्या नाहीत. फज्रनंतर राळा मात्र आता त्याच घालतात, आणि वाटीत टरफले राहिली तर आम्हाला बोलतात.