प्रश्नचिन्ह

आमची एक जुनी विद्यार्थिनी परवा हर्सूलला घरी आली होती. गळा गोड, अभिनयाची जाण उत्तम. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात जावे का, असे विचारीत होती. आम्ही वडीलकीच्या सुरात बी.एड.चा सल्ला देऊन मोकळे झालो.

त्या रात्री ‘कुंकू’ (१९३७) पुन्हा पाहिला. शांता आपट्यांची नीरा म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेले लग्न मानीत नाही. आपट्यांच्याच आवाजातले गाणे त्या नकाराला धार आणते. चित्रपटाचे दिग्दर्शन शांतारामांचे. पडद्याबाहेरचे मात्र बाईंनी स्वतःकडे घेतले. १९३९मध्ये कराराच्या वादात त्या पुण्यात ‘प्रभात’च्या दारातच उपोषणाला बसल्या आणि १९४०मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्या धंद्याचा व्यवहार उघड मांडला.

शीर्षकातले ते प्रश्नचिन्ह आम्हांला डाचत राहिले. नटीने गावे, हे आपल्याला चालते. तिने अटी घातल्या की खटकते. आमचा सल्लाही त्याच समजुतीतून आला होता. सकाळी मुलीला निरोप धाडला: अर्ज भर. मात्र पुढे कुठल्याही करारावर सही करण्याआधी तो नीट वाच.