गाडीवरचे दोन साप

माझ्या गाडीच्या काचेवर अनेक वर्षं एक स्टिकर होतं : मधे काठी, तिला वेढे घातलेले दोन साप आणि वर पंख. डॉक्टरची खूण म्हणून तुम्हीही ते पाहिलं असेल. मागे पुतणीने विचारलं, "काका, साप दोन का?" उत्तर शोधायला गेलो, तर ती काठी आम्हा डॉक्टरांची नव्हेच असं निघालं.

ग्रीकांचा वैद्यकाचा देव अ‍ॅस्क्लेपिअस. त्याच्या साध्या काठीवर एकच साप असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हात तीच काठी आहे. दोन सापांची, पंखवाली काठी हर्मीसची. हा देवांचा निरोप्या. व्यापारी, वाटसरू आणि चोर यांचाही तोच देव (बिलावर कुरकुरणाऱ्या पेशंटांना हे सांगू नका). १९०२ साली अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने ही काठी गणवेशावर घेतली आणि घोळ वाढत गेला.

आपल्या भागाला ग्रीक तसे नवे नाहीत. यवन हा शब्द मुळात त्यांच्यासाठीचा. नाणेघाटातून जुन्नरला व्यापार चाले, त्या काळातल्या इथल्या लेण्यांत यवनांच्या दानांचे शिलालेख आहेत. इरिल नावाच्या एकाने पाण्याची टाकी दिली आहेत.

निरोपाचं मोल आंबेगावकरांना वेगळं सांगायला नको. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं. सकाळी एसटी घेऊन गेलेल्या चालकाला गावच दिसेना. त्याने कळवलं, तेव्हा बाहेर खबर लागली.

हर्मीसचं आणखी एक काम म्हणजे मेलेल्यांना पलीकडे पोचवणं. आमच्या वाट्याला मागे राहिलेल्यांना निरोप देणं येतं, आणि ते मला बरीच वर्षं जमत नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यातली रात्र. हार्ट अ‍ॅटॅकने एक गृहस्थ माझ्यासमोर गेले. मुलगा कल्याणला. मी फोनवर म्हणालो, "वडील सिरीयस आहेत, लगेच निघा." सगळेच असं सांगतात. वाटेत धक्का बसू नये, हा हेतू. पहाटे तो आला. माळशेज घाटात मोटारसायकल घसरून कोपर सोललेलं, पॅन्ट फाटलेली. प्लॅस्टिकच्या पिशवीत उपचारासाठी शेजाऱ्यांकडून उसने आणलेले पैसे. सगळं कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "डॉक्टर, ते गेलेत हे तुम्हाला माहीत होतं ना? मग पळवलंत कशाला?"

मी काय बोलणार? त्याच्या कोपराचं ड्रेसिंग केलं.

आता मी आधी विचारतो : कुठे आहात? गाडी चालवताय का? सोबत कोण आहे? गाडी चालवत असेल तर बाजूला घ्यायला लावतो. मग सरळ सांगतो, "वडील वारले." 'सिरीयस' नाही, 'काही खरं नाही' नाही. स्वतः गाडी चालवून येऊ नका, हेही सांगतो. शेजारी बसलेले नातेवाईक अजूनही हात धरतात, "आत्ता नका सांगू, साहेब." त्यांच्याशी वाद होतो, कधी मी हरतोही. मग फोन त्यांच्याच हातात देतो, पण 'सिरीयस' हा शब्द माझ्या तोंडून जात नाही. ऐकणारा पुष्कळदा काहीच बोलत नाही. त्याने फोन ठेवेपर्यंत मी ठेवत नाही.