अक्काची वही

आमच्या थोरल्या बहिणीचे घर कामरेजला. नवापूर ओलांडून सोनगड, व्यारा, बारडोली करत तापीकाठचे हे गाव येते. मेहुणे गेल्यापासून अक्का मागच्या खोलीत राहते आणि पुढचे घर सुट्टीपुरते सुरतेच्या कुटुंबांना भाड्याने देते. मुले विकायचे म्हणतात. महामार्गावरचे गाव, जमिनीला भाव आहे.

जाहिरातीचा मजकूर माझ्याकडे असतो. दलालाने ‘नदीकाठचा बंगला’ असे छापले होते. अक्काने ते काढायला लावले. “नदी पाऊण कोस आहे भाऊ. पोरं उन्हात चालली की शिव्या मलाच.” मग मी अंगण, दोन आंबे आणि थंडीतला पोंक एवढेच लिहिले. पोंक म्हणजे ज्वारीचा आपला हुरडा. तिकडे लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. गिऱ्हाईक त्यालाच अधिक, हे मास्तरकीत शिकलो नव्हतो!

शनिवारी दुपारी किल्ली द्यायची, रविवारी संध्याकाळी चादरी मोजून घ्यायच्या. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा आला तर चोवीस तासांत सरकारदरबारी कळवायचे. आपल्याकडची काही मंडळी बाटलीची चौकशी करतात. गुजरातेत दारूबंदी, त्यांना अक्का फाटकातूनच परत पाठवते. त्या शनिवारचे भाडे बुडते ते बुडतेच.

निघताना मात्र पोरांच्या हातावर ती गूळ-शेंगदाणे ठेवते. तो खर्च वहीत नसतो. तो धरला तर शिल्लक आणखी घटेल, म्हणून मीही आग्रह करत नाही.

मार्गशीर्षात मुले निर्णयाला येणार आहेत. वर्षाची बेरीज तिने मला पुन्हा तपासायला दिली आहे.