धबधबा, सर्पिल आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूत

१/
आधी संपूर्ण आराखडा आणि मग काम, की थोडे काम, थोडी पडताळणी आणि पुन्हा काम? संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा प्रश्न ‘सॉफ्टवेअर विकासाची प्रारूपे’ या प्रकरणात येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. प्रत्यक्षात तो संगणकाहून जुना आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत तर तो नवजात बालकांच्या जगण्यामरण्याशी जोडला गेला. या धाग्यात हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहू.

२/
१९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकी अभियंत्याने मोठ्या संगणकप्रणाली कशा घडवाव्यात, यावर एक निबंध सादर केला. त्यातील एका आकृतीत गरजांची नोंद, विश्लेषण, रचना, प्रत्यक्ष लेखन, चाचणी आणि वापर अशा पायऱ्या वरून खाली उतरतात. पुढे तिला ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, हे नाव पडले. रॉइसने हा शब्द वापरला नव्हता. उलट, इतकी सरळ उतरण धोक्याची आहे, असेच त्याने बजावले होते. चाचणी शेवटी येते. मूळ रचनाच चुकल्याचे तेथे कळले, तर पुन्हा आरंभाकडे वळावे लागते. वाचकांनी आकृती उचलली. इशारा मागे राहिला.

३/
१९८०च्या दशकात बॅरी बोहमने सर्पिल प्रारूप मांडले. प्रत्येक फेरीत सर्वांत मोठी जोखीम शोधावी, तिचा निकाल लावावा आणि मगच पुढच्या फेरीत पाऊल टाकावे, हे त्याचे सार. फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि ‘अजाइल’ जाहीरनामा जन्माला आला. ठरल्या आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

४/
आता झाडीपट्टीकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. या जंगलांत वनखात्याची ‘कार्य आयोजना’ चालते. कोणत्या कूपात कोणत्या वर्षी तोड करायची, हे साधारणतः १० वर्षांसाठी आधीच ठरते. हा धबधबाच होय, आणि त्याला कारणही आहे. साग वाढायला अनेक दशके लागतात. तोडलेले झाड पुन्हा उभे करता येत नाही. तेथे आधी मोजणी, मग मंजुरी आणि शेवटी कुऱ्हाड, हाच क्रम शहाणपणाचा.

५/
परंतु जेथे मूळ प्रश्नच पुरता उमगलेला नसतो, तेथे काय करावे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार केल्यास मृत्यू घटतात, हे त्यांच्या प्रयोगाने दाखवले. ते निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचा प्रश्न उरलाच होता. घरीच जन्मणाऱ्या बाळांना नेमके काय होते, हे इस्पितळातील नोंदींवरून कळणे शक्य नव्हते.

६/
म्हणून काम फेऱ्यांनी पुढे सरकले. १९९३ ते १९९५ या काळात ३९ प्रयोगाच्या आणि ४७ तुलनेच्या गावांत केवळ जन्ममृत्यूंची पायाभूत नोंद झाली. १९९५ पासून गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया, म्हणजे आरोग्यदूत, घरोघरी जाऊन नवजात बालकांची तपासणी करू लागल्या. त्या निरीक्षणातून जंतुदोषाचे गांभीर्य उघड झाले, आणि पुढच्या फेरीत त्याच स्त्रियांच्या हाती प्रतिजैविकांचे उपचार आले.

७/
निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपचार सुरू होण्यापूर्वी जंतुदोष झालेल्या बालकांपैकी १६.६ टक्के दगावत. नंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पहिल्याच दिवशी सर्व उपाय कागदावर पक्के करण्याचा हट्ट धरला असता, तर त्यांत जंतुदोषाला योग्य ते स्थान मिळाले असते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

८/
मात्र हा इतिहास केवळ लवचीकतेचा गौरव नाही. या प्रयोगात काही गोष्टी दगडावरच्या रेघेसारख्या पक्क्या होत्या. कोणती गावे प्रयोगात आणि कोणती तुलनेत, प्रत्येक जन्म आणि मृत्यू मोजला जाणे, दर पंधरवड्याची पर्यवेक्षण भेट, हे सारे ठरलेले होते. बाळाला द्यायच्या औषधाची मात्रा तर अंदाजाने ठरूच शकत नाही. मोजपट्टी फेरीगणिक बदलली असती, तर सुधारणा झाली की नाही, हे कळलेच नसते. चौकट धबधब्याची आणि आतील काम सर्पिलाचे, असा हा मेळ होता.

९/
आणखी एक प्रश्न उरतो: निर्णयाच्या जागी कोण बसते? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट विषयाची आधी उलटसुलट चर्चा करतो आणि ग्रामसभा बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेते. ही रीत वेळखाऊ खरी. पण घेतलेला निर्णय सर्वांचा असतो. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. वापरणाऱ्याला कामाच्या मध्यभागी आणण्याची जी गरज स्नोबर्डच्या मंडळींना जाणवली, तिचे एक जुने रूप येथे नांदत होते.

१०/
तेव्हा ‘कोणते प्रारूप श्रेष्ठ?’ हा प्रश्नच अपुरा ठरतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. आरंभी किती ठाऊक आहे? चूक झाल्यास मागे फिरता येते का? आणि त्या चुकीची किंमत कोण मोजतो? सागाच्या कूपात या प्रश्नांची उत्तरे एक येतात, बाळंतिणीच्या खोलीत दुसरी. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांची घरगुती काळजी देशभर राबवायला घेतली. तोवर पद्धत सिद्ध झाली होती. म्हणूनच तिचे वेळापत्रक आणि नियमावली आधीच लिहिता आली. एका जिल्ह्यातल्या फेऱ्यांनी शोधलेली वाट पुढे साऱ्या देशासाठी आराखडा झाली.